माती शुद्ध करणारी झाडे : किती खरे, किती भाबडे



पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या औद्योगिक वसाहतींत एक सोहळा दरवर्षी होतो. खड्डे आधीच खणून ठेवलेले असतात, रोपे आलेली असतात, छोटासा मांडव असतो. पाहुणे येतात, एकेक रोप लावतात, छायाचित्र निघते आणि चहापान होऊन मंडळी पांगतात. कामगार चळवळीत मी तीस वर्षे काढली. अशा समारंभांना मीही हार घेऊन हजर राहिलेलो आहे. अशाच एका समारंभानंतर प्लेटिंग खात्यातला एक जुना कामगार मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, ही झाडं जमिनीतलं विष पिऊन टाकतात म्हणे. मग ते विष जातं कुठं?"

मला उत्तर देता आले नाही. माझे शिक्षण दिवसाच्या शाळेत सातवीपर्यंत झाले; पुढचे रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात. पण पुढारी म्हणवणाऱ्याला "माहीत नाही" म्हणायची लाज वाटते, तशी मलाही वाटली, आणि मी हसून वेळ मारून नेली. त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढे माझी काही वर्षे गेली. जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम विषाची ओळख करून घेऊ. शिसे, कॅडमियम, जस्त, निकेल, क्रोमियम, पारा या धातूंना जड धातू म्हणतात. शेण, पालापाचोळा, फार काय, सांडलेले तेलसुद्धा कालांतराने कुजते. मातीतले जंतू ते खाऊन त्याचे निराळे काही करून टाकतात. धातूचे तसे होत नाही. शिसे हे मूलद्रव्य आहे. ते जाळा, पुरा, पाण्यात सोडा, शंभर वर्षे वाट पाहा, ते शिसेच राहते. त्याचे रूप बदलेल, जागा बदलेल, पण ते नाहीसे होणार नाही. तेव्हा "विष जातं कुठं?" हा त्या कामगाराचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. जे नष्ट होत नाही, ते कुठे तरी असलेच पाहिजे.

ते माणसाच्या शरीरात असले तर काय होते, हे जपानने पाहिले आहे. तोयामा प्रांतात जिंत्सू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला कामिओका येथे मित्सुई कंपनीची जस्त-शिशाची खाण होती. खाणीचे कॅडमियम नदीत, नदीचे पाणी भातखाचरांत, भातातून ते बायाबापड्यांच्या पोटात. मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे ठिसूळ झाली, नुसत्या खोकल्याने बरगडी मोडू लागली. रोगी "इताई, इताई" म्हणजे "दुखतंय, दुखतंय" म्हणून विव्हळत, म्हणून रोगाचे नावच इताई-इताई पडले. बळी पडलेल्यांत बहुतेक उतारवयाच्या, अनेक बाळंतपणे झालेल्या शेतकरी स्त्रिया होत्या. १९६८ साली जपान सरकारने हा रोग कॅडमियममुळे होतो हे अधिकृतपणे मान्य केले. कॅडमियम एकदा मूत्रपिंडात शिरले की त्याचा निम्मा अंश बाहेर पडायला १० ते ३० वर्षे लागतात. शिशाची गोष्ट निराळी, पण कमी भयंकर नाही. ते लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर घाला घालते.

आता झाडाकडे वळू. झाड मातीतून पाणी ओढते आणि पानांतून ते हवेत सोडते. या पाण्याबरोबर विरघळलेली खनिजे मुळांत शिरतात. झाडाला थोडे जस्त, थोडे तांबे, थोडे मँगनीज हवेच असते. त्यासाठी मुळांच्या पेशींना जणू दारे असतात. कॅडमियम हा रसायनाच्या दृष्टीने जस्ताचा जवळचा भाऊबंद. तो जस्ताच्याच दारातून घुसतो. दारवानाला तो परका वाटतच नाही. आत आल्यावर झाडही स्वस्थ बसत नाही. काही आम्ले आणि प्रथिनासारखे काही पदार्थ तयार करून ते या पाहुण्याला बांधून टाकते आणि पेशीच्या आतील एका पाणीदार कोठडीत कोंडून ठेवते. म्हणजे झाड विष पचवीत नाही, तर ते मातीतून उचलून आपल्या अंगात साठवते. त्या कामगाराच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे झाले.

साठवण्याची ही शक्ती सर्व वनस्पतींत सारखी नसते. १९४८ साली इटलीतील दोन शास्त्रज्ञांनी तस्कनीत वाढणाऱ्या एका लहानशा पिवळ्या फुलांच्या वनस्पतीच्या सुक्या पानांत जवळजवळ १ टक्का निकेल असल्याचे दाखवून दिले. पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे. त्याची साल कापली की निळसर हिरवा चीक वाहतो. १९७६ साली त्या चिकाची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा सुक्या चिकाच्या वजनात पाव भागाहून अधिक निकेल निघाले! झाड नव्हे, खाणच म्हणायची. पुढे १९८० नंतरच्या दशकात असा विचार मांडला गेला की, अशी वनस्पती दूषित जमिनीत लावावी, कापावी, पुन्हा लावावी आणि पिकाबरोबर धातू उचलून न्यावा. कल्पना मोठी मोहक आहे. परंतु अडचण अशी की, ही अचाट साठवण करणाऱ्या वनस्पती बहुधा लहान चणीच्या किंवा फार सावकाश वाढणाऱ्या असतात, आणि ज्या त्या मातीला, ज्या त्या हवेला धरून असतात. म्हणून शास्त्रज्ञांची नजर दुसऱ्या जातीच्या झाडांकडे गेली. अंगात धातू मध्यम घेणारी, पण झपाट्याने वाढणारी आणि छाटली तरी पुन्हा फुटणारी झाडे म्हणजे विलो आणि पॉप्लर. विलो आपल्याला अगदी परका नाही. आपल्याकडे ओढ्या-नद्यांच्या काठी वाळुंज वाढतो, तो याच कुळातला.

या झाडांची खरी परीक्षा कुठे झाली, ते सांगतो. बेल्जियम आणि हॉलंड यांच्या सीमेवर केम्पेन नावाचा प्रदेश आहे. रेताड, आम्लधर्मी, हलकी जमीन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे जस्ताच्या भट्ट्या सुरू झाल्या. जमीन स्वस्त, वस्ती विरळ आणि मजूर गरजू, या तिन्ही गोष्टी कारखानदाराला कुठेही आवडतात. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भट्टीची जुनी पद्धत बंद होऊन विजेच्या साहाय्याने जस्त काढण्याची पद्धत आली. तोवर त्या धुराड्यांनी जस्त, शिसे आणि कॅडमियम यांची धूळ सुमारे ७०० चौरस किलोमीटर मुलखावर पसरून ठेवली होती. भर म्हणून भट्टीची राख आणि खंगर फुकट मिळे. लोकांनी त्याने आपल्या पाऊलवाटा, अंगणे आणि रस्ते भरून घेतले. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नातवंडांनी मोजायची, असा तो व्यवहार झाला.

त्याच भागात लोमेल हे गाव आहे. तेथील भट्टी १९७४ साली पाडली, पण तिच्या भोवतालची शंभरावर हेक्टर जमीन बोडकीच राहिली. गवताची काडी उगवेना. उघडी रेती वाऱ्यावर उडे आणि तिच्याबरोबर विषारी धूळ शेजारच्या घरांत जाई. १९९० साली तेथे ३ हेक्टर जागेवर एक प्रयोग झाला. बेरिंगेन येथील कोळशाच्या खाणीतून निघालेली दगडमिश्रित माती जाळल्यावर जी राख उरे, ती आणि कंपोस्ट खत त्या रेतीत मिसळले. राख अल्कधर्मी. तिने धातूंना धरून ठेवले, खताने ओल धरली, आणि धातू सहन करणारी गवते पेरली. ती उगवली, आणि वर्षांमागून वर्षे टिकून राहिली. धातू होता तेथेच होता. पण तो आता मातीला जखडला गेला होता आणि धूळ बसली होती.

पुढे लोमेलच्याच शेतजमिनीवर हासेल्ट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी विलो, पॉप्लर, मका अशी लागवड करून पाहिली. शेतकऱ्याला त्या जमिनीत भाजीपाला पिकवून विकण्याची चोरी झाली होती. तेव्हा त्याला उत्पन्न देणारे, पण कोणाच्या ताटात न जाणारे पीक हवे होते. विलोची छाटणी जळणाला जाईल, आणि हळूहळू कॅडमियमही निघेल, असा दुहेरी हेतू होता.

हळूहळू म्हणजे किती हळू? आम्हां संघटनेच्या माणसांना पगाराचा हिशेब मांडायची सवय असते. तसाच हा मांडू. एक हेक्टर जमीन, पाव मीटर खोल. तिचे वजन सुमारे ३,५०० टन भरेल. त्या मातीत किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियम आहे असे धरा. लोमेलच्या प्रयोगाच्या शेतात साधारण याच बेताचे होते. म्हणजे हेक्टरी साडेसतरा किलो. ते किलोमागे २ मिलिग्रॅमवर आणायचे, तर साडेदहा किलो कॅडमियम उचलून न्यावे लागेल. विलोची सुकी छाटणी वर्षाला ८ टन मिळाली आणि तिच्यात टनामागे २० ग्रॅम कॅडमियम आले, तर वर्षाकाठी निघाले १६० ग्रॅम. साडेदहा किलोला १६० ग्रॅमने भागा. उत्तर येते पासष्ट वर्षे! हा हिशेब मी ढोबळ मांडला, पण शास्त्रज्ञांचे आडाखेही याच घरातले, म्हणजे कित्येक दशकांचे आहेत. तेव्हा "पाच वर्षांत झाडे जमीन स्वच्छ करतील" असे कोणी सांगू लागला, तर त्याच्यापुढे हा भागाकार ठेवा.

येथे आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट पानांची. विलो आणि पॉप्लर यांची पाने कॅडमियम आणि जस्त पुष्कळ साठवतात. ती पाने शिशिरात गळतात. न गोळा करता तशीच पडू दिली, तर खोल मातीतला धातू मुळांनी वर आणून पानांच्या वाटे पृष्ठभागावर पसरवला, असा उलटा प्रकार घडतो. बेल्जियममध्येच नदीतला गाळ टाकलेल्या जमिनींवर पॉप्लरखालच्या वरच्या थरात कॅडमियम आणि जस्त वाढल्याचे आढळले आहे. म्हणजे झाड तेच, पण पाने उचलली तर ते औषध, आणि पडू दिली तर विषाचा पंप.

दुसरी गोष्ट जळणाची. लाकूड जाळले म्हणजे धातू जळत नाही. काही राखेत राहतो, आणि कॅडमियमसारखा धातू भट्टीच्या उष्णतेने वाफ होऊन धुरातल्या बारीक राखेवर जाऊन बसतो. म्हणून असे लाकूड चांगली गाळणी असलेल्या भट्टीतच जाळले पाहिजे, आणि ती राख सांभाळून पुरली पाहिजे. हेच लाकूड कोणा गरिबाच्या चुलीत गेले, तर कारखान्याच्या धुराड्यातून निघालेले विष फेरी मारून त्याच्या स्वयंपाकघरात आले असे होईल.

तिसरी गोष्ट धातूच्या स्वभावाची. जस्त, कॅडमियम, निकेल हे मातीतून झाडात चढू शकतात. शिसे मातीच्या कणांना आणि फॉस्फेटला घट्ट चिकटून बसते. जे मुळात जाते ते बहुतेक मुळातच अडते. क्रोमियमही बव्हंशी मुळांतच राहते. शिसे सुटे व्हावे म्हणून मातीत रसायने घालूनही पाहिले. शिसे सुटले खरे, पण झाडापेक्षा ते भूजलाकडेच अधिक धावण्याचा धोका दिसून आला. म्हणून शिशाच्या जमिनीवर "झाडे शिसे ओढून घेतील" ही आशा धरणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला देण्यासारखे आहे.

मग झाडे निरुपयोगी का? मुळीच नाही. धातू बाहेर काढण्यापेक्षा त्याला जागच्या जागी बांधून ठेवण्याचे काम झाड फार चांगले करते. मुळे माती धरून ठेवतात, पाला पावसाचा मार झेलतो, धूळ बसते, झाड पाणी पिऊन हवेत सोडते म्हणून खाली झिरपणारे पाणी कमी होते, आणि कुजलेल्या पाल्याचा थर धातूला चिकटवून ठेवतो. मात्र या कामासाठी झाडाची निवड नेमकी उलट करायची असते. धातू पानांत न चढवणारे, तो मुळांशी अडवून धरणारे झाड येथे हवे.

याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. नागपूर जिल्ह्यात गुमगाव येथे मँगनीजची खाण आहे. खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीचे उंच ढिगारे उघडेबोडके पडलेले असत. त्यांत नत्र नाही, सेंद्रिय अंश नाही, मँगनीज आणि इतर धातू मात्र भरपूर. नागपूरच्या नीरी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे नुसती रोपे नेऊन लावली नाहीत. साखर कारखान्यातले प्रेसमड त्या मातीत घातले, नत्र धरणारे जंतू आणि मुळांशी सोयरीक करून राहणारी बुरशी रोपांना लावून दिली, आणि मग साग, शिसू, कडुनिंब अशी आपल्या मातीतली झाडे वाढवली. जेथे काही उगवत नव्हते तेथे रान उभे राहिले, आणि मातीतल्या धातूंचा सुटा, वनस्पतीला व पाण्याला मिळू शकणारा अंश घटला. यातले मर्म असे की, आधी मातीची सेवा झाली आणि मग झाड लागले. समारंभात आपण नेमके पहिले विसरतो.

आता माझ्या स्वतःच्या चुकीची कबुली देतो. ज्या कारखान्यात त्या कामगाराने मला प्रश्न विचारला, तेथे जस्त आणि क्रोमचा मुलामा देण्याच्या टाक्या होत्या. टाक्यांच्या तळाचा गाळ वर्षानुवर्षे शेडच्या मागे ओतला जाई. आम्ही संघटनेतर्फे मागणी केली होती की, त्या जागेची माती तपासा आणि गाळ उचला. व्यवस्थापनाने सांगितले, "त्यापेक्षा आपण तेथे दोनशे झाडे लावू." मला ते पटले. खरे सांगायचे तर बोनसची बोलणी चालू होती, मला एक भांडण मिटवायचे होते, आणि झाडाला कोण नाही म्हणणार? मातीच्या तपासणीची मागणी मी कागदावरून काढून टाकली. सुबाभळीची झाडे लागली, भराभर वाढली. कुंपणाला भगदाड होते. वस्तीतल्या बाया तेथून लाकूडफाटा नेऊ लागल्या, शेळ्या पाला खाऊ लागल्या. गाळ खाली होता तसाच होता. त्यामुळे कोणाला अपाय झाला असे मी म्हणत नाही, कारण कोणी काही तपासलेच नाही. पण न तपासण्याची मुभा मी दिली, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या जुन्या कामगाराचा प्रश्न मला होता, झाडाला नव्हता, हे मला उशिरा कळले.

म्हणून यापुढे तुमच्या गावाजवळ विषारी जमिनीवर झाडे लावण्याचा समारंभ ठरला, तर टाळ्या अवश्य वाजवा, पण त्याआधी पाच प्रश्न विचारा. या मातीत कोणता धातू आहे, आणि किती? ही झाडे धातू काढण्यासाठी लावता आहात की बांधून ठेवण्यासाठी? पाने आणि छाटणी कोण उचलणार आणि ती कुठे नेणार? शेळ्या आणि सरपण यांच्यासाठी कुंपण आणि पर्यायी सोय काय? आणि शेवटचा प्रश्न, सगळ्यांत महत्त्वाचा : इतकी वर्षे हा खर्च कोण करणार? झाड पासष्ट वर्षे काम करील, पण मालक पाच वर्षांत कारखाना विकून गेला तर?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्याने तत्त्वतः दिलेले आहे. उदयपूरजवळच्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, त्या प्रकरणी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च द्यावा. परंतु तत्त्व कागदावर असणे निराळे आणि ते अमलात आणणे निराळे. त्यासाठी माणसे लागतात.

जपानच्या त्या गावकऱ्यांनी ते करून दाखवले. १९६८ साली ते न्यायालयात गेले, १९७१ साली जिंकले, आणि १९७२ साली अपिलातही जिंकले. पण मला त्यांच्या खटल्यापेक्षा त्यांचा करार अधिक मोलाचा वाटतो. १९७२ साली त्यांनी कंपनीकडून लिहून घेतले की, गावकरी आपल्या पसंतीचे तज्ज्ञ बरोबर घेऊन केव्हाही खाणीत शिरून तपासणी करू शकतील आणि त्याचा खर्च कंपनी देईल. तेव्हापासून दरवर्षी ही तपासणी होत आली. नदीतले कॅडमियम उतरत उतरत नैसर्गिक पातळीच्या आसपास आले. भातखाचरांची माती तर त्यांनी झाडांवर सोपवलीच नाही. जेथे अन्न पिकवायचे होते तेथे दूषित थर पुरून वर चांगली माती घातली. आठशेहून अधिक हेक्टरांचे ते काम २०१२ साली पुरे झाले. त्याला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. कोणत्या जमिनीला झाड पुरते आणि कोणत्या जमिनीला फावडेच लागते, हा विवेक त्यात आहे.

मित्रहो, झाड हे फार प्रामाणिक कामगार आहे. ते सुट्टी मागत नाही, संप करत नाही, आणि त्याच्या वाट्याला आलेले विष मुकाट्याने अंगात भरून घेते. पण म्हणूनच त्याच्यावर कुवतीबाहेरचे काम लादणे आणि स्वतः मोकळे होणे हे मला जुन्या ओळखीचे वाटते. मुकाट्याने विष अंगावर घेणाऱ्यांच्या जिवावर निर्धास्त राहण्याची सवय आपल्या उद्योगांना फार दिवसांची आहे.

तो जुना कामगार आज हयात नाही. असता, तर त्याला सांगितले असते : बाबा, विष कुठे जात नाही. ते मातीतून पानात येते, पानातून पुन्हा मातीत, नाही तर धुरात, नाही तर शेळीच्या पोटात. त्याला कुठे जाऊ द्यायचे आणि कुठे अडवायचे, हे झाड ठरवत नाही. ते आपण ठरवायचे असते, आणि ठरवले की दर वर्षी जाऊन पाहायचे असते.